मधली रेघ

रात्री दोनला मोजतो आम्ही.
तेव्हा लाकडाचे ट्रक थांबलेले असतात,
करवतीची गिरणी बंद असते,
आणि वाल्दिवियाच्या या नदीकाठी
कुणी चालत नाही, कुत्रंसुद्धा.

जेवणाच्या डब्याएवढं पिवळं यंत्र.
त्याचे तीन अणकुचीदार पाय चिखलात रोवून,
बुडबुडा मधोमध आणून
एलिसेओ म्हणतो, आता हलू नका बाई.
चाळीस मिनिटं.
जमीन स्वस्थ पडून आहे असं वाटतं, ते खोटं.
पंधरा किलोमीटरवर समुद्र किनाऱ्याला धडका देतोय,
आणि पडद्यावर ही इथली माती शहारते,
माशी बसल्यावर
गाईची कातडी शहारावी तशी.

इथे दवाखाना बांधायचाय.
मला एवढंच विचारलंय: किती हलेल?
केव्हा, ते विचारलं नाही. बरं झालं.
'केव्हा'पाशी माझी पाटी कोरी आहे.
'किती'साठी समीकरण आहे:
भूकंप केवढा, कितीवर,
आणि पायाखाली काय.
पहिल्या दोन गोष्टी साऱ्या गावाला सारख्या.
तिसरी ज्याची त्याची.

सकाळी लोखंडी पत्र्यावर घण घातला.
जमिनीत खोचलेल्या चोवीस कानांनी तो ऐकला.
वरच्या टेकडीच्या खडकात लाट
सेकंदाला आठशे मीटर धावली होती.
इथल्या गाळात, एकशे चाळीस.
मंदावते, आणि मंदावली की उंच होते.
माणसाचंही होतं तसं.
धावपळ संपते
आणि दाबून ठेवलेलं सगळं वर येतं.

कुंपणाशी दोन अबेलार्दो न्यानको,
हातात मातेचा गरम पेला.
साठ साली मी नऊ वर्षांचा, ते म्हणाले. रविवार होता.
टेकडीवर मावशीचं कपाट पडलं.
इथे आमचं घर पडलं.
मग कुरणच खाली गेलं, पाणी आलं,
ते गेलं नाही. आता त्यावर
काळ्या मानेचे हंस पोहतात, लोक फोटो काढतात.
पण शेजारचं उर्रेहोलांचं घर,
याच चिखलावर, त्याच लाकडाचं,
त्याच सुताराच्या हातचं,
उभं राहिलं.
दिव्याची काच तेवढी तडकली.
ते कसं काय?

मी त्यांना आलेख दाखवला.
हे ठिपके म्हणजे मोजलेली ठिकाणं.
ही मधली रेघ आमची.
निम्मे ठिपके तिच्या वर, निम्मे खाली,
नेमका तिच्यावर क्वचितच कुणी.
म्हणून वर ही तुटक रेघ,
दवाखाना असला की आम्ही हिच्या हिशेबाने बांधतो.

मातीने भरलेलं नख त्यांनी ठेवलं
तुटक रेघेच्याही वरच्या एका ठिपक्यावर.
हे कोण?

एक ठिकाण, मी म्हणाले.
ते कळलं. राहत कोण होतं तिथे?

वीस वर्षं मी हे ठिपके बघतेय.
समीकरणाचं सगळं सांगून झाल्यावर
जे हिशेबात बसत नाही,
त्याला आम्ही नुसतं 'उरलेलं' म्हणतो.
पेल्यातली नळी ओढल्याचा आवाज आला.
त्यांनी पेला मला दिला. मी प्यायले.
कडू होतं.

अहवालात आकडा लिहिला.
शून्य पूर्णांक बासष्ट.
अधिक-उणे जरा बारीक अक्षरात.

निघताना एलिसेओ रात्रीची नोंद तपासत होता.
सगळीकडे समुद्राची बारीक थरथर,
आणि सव्वादोनला एकदम चार उंच टोकं,
थोड्या वेळाने पुन्हा चार.
ट्रक असेल, तो म्हणाला. की डुक्कर?

मी होतो तो, कुंपणापलीकडून म्हातारा म्हणाला.
झोप लागत नाही.
या फाटकापर्यंत येतो, परत जातो.

नियमाप्रमाणे असा तुकडा गाळायचा असतो.
गाळला.
नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं:
सव्वादोन. माणूस.